चौऱ्याण्णव सेकंद

"मधासारखं घट्ट द्या," मुंबईच्या हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या, आणि माझं डोकंच फिरलं. मध म्हणजे कुठला मध? वसईच्या बाजारात आदिवासी बायका बाटल्या घेऊन बसतात, त्यांचा मध पाण्यासारखा वाहतो. दुकानातल्या मधाची बाटली उपडी धरली तरी तो रुसून बसतो. मी हे त्यांना विचारलं, जरा चढ्या आवाजातच विचारलं. बाई सज्जन होत्या. ज्यांचं गिळणं बिघडलंय अशा पेशंटांना शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी खणातून कुठल्याशा परदेशी तक्त्याची झेरॉक्स काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मधासारखं घट्ट: ३५१ ते १७५० सेंटिपॉइज.

माझा जीव भांड्यात पडला. सेंटिपॉइज म्हणजे घट्टपणा मोजायचं माप, आणि ते माप माझ्या ओळखीचं होतं. मी ती झेरॉक्स मागून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

माझं नाव फ्लॉसी. ही गोष्ट २००४ सालची. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, आठ वर्षं काढली होती. रंग किती घट्ट, किती पातळ, हे दिवसातून चाळीस वेळा मोजायचं, ही माझी नोकरी. पाचूबंदरच्या आमच्या घरात मात्र आजवर कोणी काही मोजलं नव्हतं. माझा बा, म्हणजे अख्ख्या बंदराचा इनास तांडेल, होडीवरून पाण्याचा रंग बघून खोली सांगायचा. माझी आय, सालोमी, मुठीच्या आणि चिमटीच्या मापावर तीस माणसांचं जेवण उतरवायची आणि घास कधी कमी पडायचा नाही. मी एकटीच घरात आकडे घेऊन यायचे, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. थोडा कशाला, चांगलाच होता.

ऑक्टोबरात बाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. "सालू" आणि "पानी" एवढे दोनच शब्द तोंडात उरले. आणि गिळणं बिघडलं. गिळणं बिघडतं म्हणजे काय होतं हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, जेव्हा ताप चढला आणि छाती घरघरायला लागली. डॉक्टरांनी समजावलं, की पाणी पातळ असतं, ते जिभेवरून धावत सुटतं. घशातली झडप मिटायच्या आत ते श्वासाच्या वाटेने फुप्फुसात जातं. घट्ट पदार्थ सावकाश उतरतो, झडपेला सवड देतो. तेव्हा चहा बंद, सूप बंद आणि साधं पाणी तर एक थेंबही नाही. जे द्यायचं ते घट्ट करून. म्हणून त्या मुंबईच्या बाई, आणि म्हणून तो मध.

आयने उपाय लगेच काढला. बोंबलाचं पाणी गाळून त्यात तांदळाचं पीठ शिजवायचं. पेज. बाच्या जिभेला ओळखीची आणि घट्ट-पातळ हवी तशी करता येणारी. ती कितपत घट्ट, हे मी ठरवणार होते.

आमच्या लॅबमध्ये घट्टपणा मोजायचा एक कप असतो. पितळेचा, बुडाला बारीक भोक असलेला. भोकावर बोट धरायचं, कप काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि घड्याळ चालू करायचं. धार तुटली की बंद. जितकं घट्ट तितके जास्त सेकंद. आमच्याकडे एक जुना कप वापरातून काढून ठेवला होता. तो मी आमच्या लॅबच्या प्रमुख आशालता मॅडमना विचारून घरी नेला. मॅडम विरारच्या, रसायनशास्त्रात एमएस्सी, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ.

"पेजेला?" त्या म्हणाल्या. "अगं, पेज म्हणजे काही तेल नाही. ढवळली की एक, ठेवली की दुसरी. तक्त्यातला हिशोब तिला पुरता लागू होत नाही. अंदाजाला वापर, पण त्यावर शपथ वाहू नकोस."

मी हो म्हटलं आणि ऐकलं नाही.

आता कप देतो सेकंद, आणि झेरॉक्समध्ये सेंटिपॉइज. मधे पूल बांधावा लागतो. सेकंदांवरून तक्त्यात बघून सेंटिस्टोक्स हे मधलं माप काढायचं, आणि त्याला त्या पदार्थाच्या घनतेने गुणायचं. का गुणायचं, तर जड पदार्थ स्वतःच्याच वजनाने भोकातून लवकर खाली येतो. जाड माणूस उतारावर न पळताही पळतो, तसा. कपाला वाटतं हा पातळ आहे. तर ते वजन हिशोबात परत धरावं लागतं. हे मी लॅबमध्ये झोपेतही करत असे. मी केलं. साडेतीनशेच्या जरा वर जायला कपात पंच्याहत्तर सेकंद लागायला हवेत, असं उत्तर आलं. जास्त घट्ट केली की बा दमून जायचा, जबडाच हलेना, म्हणून मी मुद्दाम काठावरच राहिले.

मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर आमच्या ओट्यावर हा कार्यक्रम. पेज शिजली की तीस अंशांवर येईपर्यंत थांबायचं, कारण गरम पेज पातळ लागते आणि कप फसतो. आय चुळबुळत उभी राहायची.

"गार पेज कोन जेवतो गो? मेलेल्या मानसाला पन ऊन ऊन वाढतात."

"आय, मापात जेवायचं तर गारच जेवायचं."

"तुजा बा रंगाचा डबा नाय."

मी हसायचे. कप भरायचे. त्र्याहत्तर आले तर पीठ घालून पुन्हा शिजवायचं, अठ्ठ्याहत्तर आले तर बोंबलाचं पाणी. पंच्याहत्तर झाले की वाडगा आयच्या हातात द्यायचे.

भरवायचं काम आयचं. बाला ते सुरुवातीला मुळीच सहन झालं नाही. तीस वर्षं होडी हाकलेला माणूस. त्याच्या तोंडाशी कोणी चमचा आणला की तो ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायचा. आयने त्यावर तिची युक्ती काढली. ती वाडगा मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसायची, पहिला चमचा स्वतः खायची आणि म्हणायची, "एक मना. आता एक तुला." मग तो तोंड उघडायचा. पुन्हा एक हिला, एक त्याला. तोच चमचा, तोच वाडगा. लग्नापासून दोघं एकाच ताटात जेवत आले होते, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. मला फक्त एवढंच वाटायचं, की मापून केलेली पेज ही बाई स्वतःच निम्मी संपवते.

नोव्हेंबरच्या शेवटाला बाला पुन्हा ताप आला. पुन्हा छाती. माणिकपूरच्या एका हॉस्पिटलात आठ दिवस. डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलले. "आता तिसऱ्यांदा हे झालं तर नाकातून नळी घालू. मग सगळं नळीतून. तोंडाने घास नाही. या वयात एकदा नळी लागली की बहुतेक निघत नाही."

आयने माझा दंड धरला तो लिफ्टपर्यंत सोडला नाही. "नळी नको गो," एवढंच म्हणत राहिली. "त्याला काय उरलंय? माज्या हातचं दोन चमचे खातो, तेवढंच. ते पन काढून घेनार?"

दुसऱ्या दिवशी मी माझा हिशोबाचा कागद आशालता मॅडमपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, एकदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पेजेची घनता एक पॉइंट तीन? पेजेत रेड ऑक्साइड घालतेस का गं?"

एक पॉइंट तीन ही आमच्या लाल प्रायमरची घनता. आठ वर्षं रोज लिहीत आलेला आकडा हाताने आपोआप लिहिला होता. पेज म्हणजे जवळजवळ पाणीच, एक पॉइंट शून्य दोन फार तर. मॅडमनी तिथल्या तिथे गणित पुन्हा केलं. पंच्याहत्तर नव्हे, चौऱ्याण्णव सेकंद हवे होते. महिनाभर मी माझ्या बाला हव्या त्यापेक्षा पातळ पेज मोजूनमापून, अभिमानाने दिली होती.

घरी येऊन मी हे सांगितलं नाही. आजही लिहिताना लाज वाटते. आयने विचारलं, "आदी पंच्याहत्तर, आता चौऱ्याण्णव कसं?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी बदललं." ती बरं म्हणाली. डॉक्टरांवर तिचा विश्वास होता, आणि माझ्यावर त्याहून जास्त.

चौऱ्याण्णव सेकंदांची पेज सुरू झाली. पहिले सात-आठ चमचे बा चांगला घ्यायचा. आणि मग वाडगा अर्ध्यावर आला की खोकला. पहिल्या चमच्यांना नाही, शेवटच्यांना. रोज तसंच. चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी, आणि खोकला थांबला की तो एकच शब्द, "पानी." दिवसभर हा शब्द चालायचा. मी कामावर असताना तो आयकडे मागायचा, आणि शेजारची रोझी मावशी मला सांगायची, की तुझी आय तोंड फिरवून रडत बसते. बंदरावरच्या बायकांनी तर तिला बोलायलाही कमी केलं नव्हतं. तहानलेल्याला पाणी न देणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

एका रविवारी मिस्साहून आल्यावर मी आयला मधेच थांबवलं. बा खोकत होता. वाडग्यात अर्धी पेज उरली होती. ती मी तशीच उचलून ओट्यावर नेली आणि कपात ओतली. बोट काढलं.

धार धो धो सुटली. एक्केचाळीस सेकंद.

मी पुन्हा ओतली. एक्केचाळीस. तासापूर्वी हीच पेज मी चौऱ्याण्णवला सोडली होती.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी थांबून विचार करायचास. पण मला विचार करायची गरजच वाटली नाही. पातळ झाली म्हणजे पाणी पडलं. रंगाच्या कारखान्यात दुसरं कारणच नसतं. थिनर जास्त पडला की बॅच पातळ, आणि थिनर कोणीतरी माणूसच ओततो. हा माणूस माझ्यासमोर उभा होता, पदराने बाचं तोंड पुसत.

"आय, पानी किती घातलंस?"

"कशात?"

"पेजेत. मी नाय बगत तवा."

ती म्हणाली, "येक थेंब नाय."

"खोटं बोलू नको. कप खोटं बोलत नाय. तो मागतो, तुला दया येते, तू गुपचूप घालतेस. दया नाय ती. दोनदा त्याची छाती भरली ती तुझ्यामुलं. तिसऱ्यांदा नळी लागेल ती पन तुझ्यामुलं. मारशील त्याला तू."

हे सगळं मी बाच्या समोर बोलले. त्याला बोलता येत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं. त्याने डावा हात वर केला, मला वाटलं पाणी मागतोय. आय अल्तारापुढे गेली, क्रुसावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, "येक थेंब नाय." मग ती परत आली, वाडगा आणि चमचा धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

"आजपासून तूच भरव."

दोनदा छाती भरली ती तुझ्यामुळे, असं मी म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी पातळ पेज कोणी मोजून दिली होती, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

मी कामावरून रजा घेतली. आय घरातच होती. धुणं, भांडी, माझा भाऊ ऑस्टिन होडीवर जाणार तर त्याचा डबा, सगळं करत होती. फक्त बाच्या खाटेकडे जेवणाच्या वेळी यायची नाही. मागच्या पडवीत बसून सुरीने वाकटी मासळी साफ करायची. मी पेज करायचे, थंड करायचे, चौऱ्याण्णव मोजायचे आणि भरवायला बसायचे. बा तोंड उघडायचा नाही. माझ्या खांद्यावरून पडवीकडे बघायचा. "सालू," म्हणायचा. मी म्हणायचे, "बा, आधी जेव." गाल दाबून चमचा आत सारायचे. एक चमचा दोन-तीन मिनिटं. चाळीस-पन्नास मिनिटं चालायचं एका वाडग्याला. आणि अर्ध्यानंतर खोकला. माझ्याही हातून, तसाच खोकला.

पहिल्या दिवशी मला वाटलं, तो हट्टाने खोकतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, घसा सोलला असेल. चौथ्या दिवशी मी अर्धी उरलेली पेज ओट्यावर नेली आणि कपात ओतली.

अठ्ठावन्न सेकंद.

कपाच्या बुडातून शेवटचे थेंब गळत होते आणि मी ते बघत उभी होते. पेज मी केली होती. मोजली मी होती. वाडगा क्षणभरही माझ्या हातातून सुटला नव्हता. आय पडवीत होती, तिच्या सुरीचा आवाज सारखा येत होता. तरी पेज पातळ झाली होती. संध्याकाळी मी दोन वाडगे भरले. एक बाला भरवला, दुसरा झाकून तसाच ठेवला. तासाने झाकलेला मोजला. अठ्ठ्याण्णव. निवून उलट घट्टच झाला होता. भरवलेला, साठ.

मी आशालता मॅडमच्या घरी फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चमचा एकच का? तोंडातून निघून परत वाडग्यात?"

"हो."

"मग थुंकी, फ्लॉसी. थुंकीने पिठाची साखर होते. शाळेत आयोडीनचा प्रयोग केला नाहीस का? भात चावत राहिलं की तो गोड लागतो तो कशाने? प्रत्येक चमच्याबरोबर थोडी थोडी लाळ वाडग्यात जातेय आणि पेज तुटतेय. कॉर्नफ्लॉवर घाल, तांदूळ घाल, सगळ्याचं तेच होणार. दर घासाला स्वच्छ चमचा घे. मी तेव्हाच म्हणाले होते, पेज म्हणजे तेल नाही."

प्रयोग केला होता. माणिकपूरच्या शाळेत, परीक्षानळीत, निळा रंग उडून जाताना बघितला होता आणि सोळा मार्कांपैकी सोळा मिळवले होते. सेकंदांचे स्टोक्स करता येत होते मला, स्टोक्सचे पॉइज करता येत होते. एक्केचाळीस सेकंदांचं "आयने पाणी घातलं" हे रूपांतर मात्र कुठल्या तक्त्यातलं नव्हतं, ते माझ्या मनातलं होतं.

मला तेव्हाच पडवीत जाऊन आयचे पाय धरायला हवे होते. मी म्हटलं, आधी उद्या चमचे वेगळे करून बघते. खात्री झाली की सांगते. खोटं कशाला बोलू, खात्री झालेली होतीच. मला तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती. सकाळी वीस चमचे उकळून ताटात मांडले, आणि बाच्या कपाळाला हात लावला तर कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

त्याच दुपारी त्याच हॉस्पिटलात त्याच डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. तिसरा दिवस उजाडला तेव्हा ताप उतरला. बा जगला. नळी राहिली.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, मी आयला सगळं सांगितलं. घनतेची चूकही सांगितली, पहिल्यांदा. थुंकीचं सांगितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकलं.

"कोनाची थुंकी?" तिने विचारलं.

"बाची," मी म्हटलं.

एक्केचाळीस आणि अठ्ठावन्न यांच्यातला फरक कोणाचा होता हे मला ठाऊक होतं. एक मना, एक तुला. ते मी तिला सांगितलं नाही, आणि मरेपर्यंत सांगणार नाही.

"आय, मी चुकले. तुझ्यावर नाय नाय ते बोलले. मना माफ कर."

समोरून वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत गेला, त्याला वाट द्यायला तिने पाय आत घेतले.

"तू बोललीस त्याचं काय नाय गो," ती शेवटी म्हणाली. "मना दुसरंच डाचतं. दोन महिने तो पानी मागत होता. हात जोडून मागायचा, एका हातानं. मी नाय दिलं. तू सांगितलंस म्हनून नाय दिलं. भिंतीकडं तोंड करून बसायचे, पन नाय दिलं. आनि छाती भरायची ती भरलीच. नळी लागायची ती लागलीच. मंग दिलं असतं तर काय झालं असतं गो? येक घोट? त्याच्या तोंडात चव तरी राहिली असती."

डॉक्टरी उत्तर माझ्याकडे होतं, की दिलं असतं तर आणखी लवकर भरली असती. ते खरंही होतं. ते मी बोलले नाही. मी तिथेच बाकावर रडले, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मला ते अधिकच सहन झालं नाही.

घरी आल्यावर सिस्टरने शिकवलं तसं आम्ही करू लागलो. मोठ्या सिरिंजचा दांडा काढून टाकायचा, नुसती नळकांडी नाकातल्या नळीला जोडून उंच धरायची आणि वरून ओतायचं. ते आपोआप पोटात उतरतं. नळीतून घट्ट काही चालत नाही, अडकतं. तेव्हा आता सगळं पातळ. डाळीचं पाणी, दूध, गाळलेलं सूप. आणि प्रत्येक वेळी शेवटी पन्नास मिली साधं पाणी.

पहिल्या दिवशी दुपारी दूध झालं आणि मी सिरिंज धरून उभी राहिले. आयने माठातलं पाणी पेल्यात घेतलं. पेला हातात घेऊन ती बाच्या अगदी जवळ बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलेलं मी बघत होते.

"बग, पानी," ती म्हणाली. "माठातलं. तुझंच हाय." आणि तिने ओतलं.

बा त्या नळकांडीतली पाण्याची पातळी खाली सरकताना बघत होता. ती पार खाली गेली, नळीतून नाकात शिरली, दिसेनाशी झाली. त्याची जीभ ओठांवर आली, इकडून तिकडे फिरली आणि कोरडीच आत गेली.

"पानी," तो म्हणाला.

"दिलं ना. आताच तर दिलं. पोटात गेलं तुझ्या."

त्याने डावा हात उचलून तिच्या हातातल्या पेल्याला लावला. "सालू. पानी."

आयने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पेला पुन्हा माठात बुडवून भरला आणि नळकांडीत ओतला, मग आणखी एकदा भरला. पन्नास मिली केव्हाच होऊन गेले होते. मी सिरिंज उंच धरून उभी राहिले.